काउंटडाउन : पंधरा फेऱ्या, तीस सेकंद आणि आपली पाऊणकी

ब्रिटनमध्ये चॅनल 4 ही वाहिनी 2 नोव्हेंबर 1982 ला सुरू झाली, तेव्हा त्यावर सर्वांत आधी दिसलेला कार्यक्रम होता ‘काउंटडाउन’, म्हणजे अक्षरांतून शब्द आणि आकड्यांतून लक्ष्यसंख्या जुळवण्याची स्पर्धा. तो आजही चालू आहे. रिचर्ड व्हाइटली पहिले निवेदक. त्यांच्यानंतर अनेक निवेदक बदलले, स्टुडिओ लीड्सहून मँचेस्टरकडे गेला, आकड्यांच्या फळ्यापाशी कॅरल व्हॉर्डरमन यांच्या जागी 2009 पासून रेचल रायली आल्या. खेळाचा सांगाडा मात्र तसाच राहिला. तो मुळात फ्रेंच आहे. आर्मां जामो यांनी 1965 मध्ये फ्रान्समध्ये सर्वांत लांब शब्द शोधण्याचा खेळ सुरू केला, 1972 मध्ये त्याला आकड्यांची जोड मिळाली, आणि त्याची इंग्रजी आवृत्ती म्हणजे काउंटडाउन. इथे परीक्षण करायचं आहे ते या सांगाड्याचं: फेऱ्या किती, कोणत्या क्रमाने, गुण कसे, आणि यातलं काय पक्कं बसलंय आणि काय खटकतं.

आधी निकाल सांगून टाकतो. टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषांमध्ये इतकी घोटीव रचना क्वचितच सापडते. कारण साधं आहे. स्पर्धकासमोर जे आहे, तेच त्याच क्षणी प्रेक्षकासमोरही आहे. उत्तर निवेदकाच्या कार्डावर लपलेलं नाही. तुम्हाला राजधान्या, राजे, सनावळ्या पाठ असायची गरज नाही. नऊ अक्षरं किंवा सहा आकडे, अर्धा मिनिट, एक कागद. घरात बसलेली आजी स्टुडिओतल्या स्पर्धकाला हरवू शकते, आणि हरवलं हे तिचं तिला लगेच कळतं.

सध्याचा सामना पंधरा फेऱ्यांचा आहे: अक्षरांच्या दहा, आकड्यांच्या चार आणि शेवटी नऊ अक्षरांचं एक कोडं, ज्याला ते ‘कोनंड्रम’ म्हणतात. क्रम असा: दोन अक्षरफेऱ्या आणि एक आकडेफेरी, हे तीन वेळा, मग सलग चार अक्षरफेऱ्या, एक आकडेफेरी आणि कोनंड्रम. पूर्वी सामना नऊ फेऱ्यांचा असे, म्हणजे सहा अक्षरफेऱ्या, दोन आकडेफेऱ्या आणि कोनंड्रम. 2001 च्या सप्टेंबरात तो पंधरा फेऱ्यांचा झाला, तेव्हा वाटणी अकरा आणि तीन अशी होती. जानेवारी 2013 मध्ये ती दहा आणि चार झाली.

वरवर किरकोळ वाटणारा हा बदल खरं तर फार मोलाचा आहे. अक्षरं किंवा आकडे निवडायची पाळी दोघा स्पर्धकांकडे आलटून पालटून येते. अकरा आणि तीन या दोन्ही विषम संख्या, त्यामुळे एकाला आकड्यांची निवड दोनदा मिळायची आणि दुसऱ्याला एकदाच. दहा आणि चार सरळ अर्धे होतात: प्रत्येकाला अक्षरांच्या पाच आणि आकड्यांच्या दोन निवडी. आकड्यांची निवड हे या खेळातलं सर्वांत धारदार हत्यार आहे (ते पुढे येईलच), आणि ते दोघांना सारखं मिळणं हा न्यायाचा भाग आहे. अकरा वर्षं चालत आलेली वाटणी तशीच ठेवण्याचा मोह सोडून हा बदल करणाऱ्याला दाद द्यायला हवी.

आता एकेक फेरी.

अक्षरफेरीत स्पर्धक नऊ वेळा ‘व्यंजन’ किंवा ‘स्वर’ एवढंच सांगतो. स्वरांची आणि व्यंजनांची गठ्ठी वेगळी असते, आणि इंग्रजीत जे अक्षर जास्त वापरलं जातं त्याच्या टाइल जास्त असतात. किमान तीन स्वर आणि किमान चार व्यंजनं घ्यावीच लागतात, म्हणजे स्वर तीन, चार किंवा पाच. ‘वाय’ हे अक्षर व्यंजनांच्या गठ्ठीत. आठ टाइल लागल्या आणि स्वर दोनच असतील, तर नववी टाइल स्वराचीच घेणं भाग आहे. तिथे निवड उरत नाही. म्हणून जाणते स्पर्धक पहिल्या सहा-सात टाइलमध्येच तीन स्वर उरकून टाकतात आणि शेवटची एक-दोन निवड मोकळी ठेवतात. तोपर्यंत फळ्यावर एखादा शब्द अर्धामुर्धा दिसत असतो. अनेकवचनाचा ‘एस’ हवा असेल तर व्यंजन, भूतकाळी शेपटासाठी ‘डी’ आहे पण ‘ई’ नाही असं असेल तर स्वर. ही शेवटची मागणी ऐकून प्रेक्षकालाही कळतं की स्पर्धकाच्या डोक्यात काय शिजतंय.

समजा फळ्यावर आली ही नऊ: एस, टी, आर, ए, एन, ई, डी, आय, जी. पहिल्या पाच सेकंदांत बहुतेकांना ‘ट्रेडिंग’ दिसतं, सात अक्षरी. थोडं थांबलं तर ‘स्ट्रेन्ड’, आठ. ‘ग्रेडियंट’ही आठच, पण ‘एस’ अजून शिल्लक आहे, म्हणून ‘ग्रेडियंट्स’, नऊच्या नऊ. शोधायची पद्धत या उदाहरणातच आहे. आधी शेपटं बाजूला काढायची (आय-एन-जी, ई-डी, ई-आर, एस) आणि उरलेल्या अक्षरांत धातू किंवा नाम शोधायचं. पण त्यात एक सापळा आहे. आय-एन-जी दिसलं की मन तिथेच अडकतं, आणि ‘ग्रेडियंट’सारखा शब्द, ज्यात तीच अक्षरं विखुरलेली आहेत, नजरेतून निसटतो. पहिल्या पंधरा सेकंदांत शेपटाचा शब्द मिळाला की तो लिहून ठेवावा आणि उरलेल्या पंधरात शेपूट मुद्दाम मोडून पाहावं.

गुण अक्षरागणिक एक. नऊ अक्षरी शब्दाला मात्र दुप्पट, म्हणजे अठरा. लांब शब्द ज्याचा त्यालाच गुण. लांबी सारखी असेल तर दोघांनाही. वेळ संपली की आधी फक्त लांबी जाहीर करायची, आणि ज्याने टाइल निवडल्या त्याने ती पहिल्यांदा सांगायची. मग लहान शब्दवाला आपला शब्द आधी उच्चारतो. शब्द कागदावर लिहिलेला नसेल तर तसं सांगावं लागतं, आणि लांबी सारखी असेल तर कागद दाखवावा लागतो. दुसऱ्याचं ऐकून स्वतःचं उत्तर बदलण्याची फट अशी बुजवलेली आहे.

लांबी आधी सांगण्याच्या या नियमामुळे फेरीला दुसरा मजला चढतो, आणि नव्या प्रेक्षकाच्या तो बराच काळ लक्षातच येत नाही. दुसऱ्यांदा बोलणाऱ्याला पहिल्याची लांबी कळलेली असते. त्याचा हिशोब असा मांडता येतो. समोरचा ‘सात’ म्हणाला. तुमच्याकडे एक खात्रीचा सात अक्षरी शब्द आहे आणि एक शंकास्पद आठ अक्षरी. सात सांगितलात तर दोघांना सात, फरक शून्य. आठ सांगितलात आणि शब्द कोशात निघाला, तर तुम्ही आठने पुढे. नाही निघाला तर तुम्हाला शून्य आणि त्याला सात, म्हणजे तुम्ही सातने मागे. आठ मिळवण्यासाठी सात पणाला लावायचे, तेव्हा शब्द बरोबर असण्याची शक्यता पंधरात सातहून जास्त, म्हणजे साधारण 47 टक्क्यांच्या वर वाटत असेल तरच धोका पत्करावा. हीच गोष्ट आठ विरुद्ध शंकास्पद नऊची असेल तर अठरा मिळवण्यासाठी आठ पणाला; तिथे 31 टक्के खात्रीसुद्धा पुरते. नऊला दुप्पट गुण का, याचं उत्तर इथे आहे. त्या दुप्पटीमुळे स्पर्धक धाडस करतात, आणि कार्यक्रमातले सर्वांत रंगलेले क्षण त्यातून येतात.

आणि समोरचा ‘आठ’ म्हणाला, तुमच्याकडे खात्रीचा सात आणि शंकेचा आठ आहे, तर? सात सांगून हाती काही लागत नाही. त्याचा आठ बरोबर निघाला तर तुमचे सात वायाच जाणार. अशा वेळी शंकेचा आठच सांगावा. अपवाद एकच: समोरच्याचा आवाज कापरा असेल, त्याचा शब्दच कोशाबाहेरचा आहे असा दाट संशय असेल, तर शांतपणे सात सांगून वाट पाहावी. कित्येक स्पर्धक इथे सवयीने खात्रीचा शब्द सांगून मोकळे होतात आणि आठ गुण आपल्या हाताने देऊन टाकतात.

शब्द मान्य की अमान्य हे ‘डिक्शनरी कॉर्नर’ ठरवतो. तिथे 1992 पासून सूझी डेंट बसतात, शेजारी एखादा पाहुणा. प्रमाण ऑक्सफर्डचा कोश. विशेषनामं चालत नाहीत, जोडरेघेचे शब्द चालत नाहीत, अमेरिकी वर्णलेखन चालत नाही. लोक घसरतात ते दोन ठिकाणी. एक, धातूला ई-आर लावून केलेलं कर्तानाम. ते कोशात दिलेलं असेल तरच चालतं, व्याकरणात बसतं म्हणून नाही. दोन, ज्या नामांचं सहसा अनेकवचन होत नाही त्यांना लावलेला ‘एस’. विशेषणांच्या तुलनादर्शक रूपांचंही तसंच: एका उच्चारखंडाच्या (सिलेबलच्या) विशेषणाला ई-आर, ई-एस-टी बिनदिक्कत लागतं, लांब विशेषणाला मात्र कोशात तसं रूप दिलेलं असावं लागतं. एकच कोश आणि एकच निर्णय देणारी व्यक्ती, त्यामुळे वाद दोन सेकंदांत मिटतो. ही शिस्त नसती तर अक्षरफेरीचं भांडण झालं असतं.

अक्षरफेरीत खटकतं ते तिचं प्रमाण. चांगले स्पर्धक भिडले की दोघंही सात-सात, आठ-आठ करत जातात. धावफलक दोन्हीकडे सारखाच वाढतो आणि फरक जिथल्या तिथे. शेवटच्या भागात तर सलग चार अक्षरफेऱ्या येतात आणि तिथे सामना हमखास रेंगाळतो. मधली एक फेरी उचलून आधीच्या भागात घातली असती तर लय टिकली असती. ऑस्ट्रेलियात एसबीएस वाहिनीवर 2010 ते 2012 मध्ये जी आवृत्ती चालली, ती नऊ फेऱ्यांचीच होती, पण अक्षरांच्या पाच आणि आकड्यांच्या तीन. गणिताची आवड असणाऱ्याला ते प्रमाण जास्त रुचेल. तरी पंधरा फेऱ्यांचा सामना नऊपेक्षा सरसच: नऊ फेऱ्यांत एका चुकीची भरपाई करायला जागाच उरत नाही.

आकड्यांची फेरी हा या खेळाचा खरा दागिना.

एकूण 24 टाइल. चार मोठ्या: 25, 50, 75, 100, प्रत्येकी एक. वीस लहान: 1 ते 10, प्रत्येकी दोन. स्पर्धक फक्त इतकंच सांगतो की मोठ्या किती हव्यात, शून्य ते चार, उरलेल्या लहान. सहा टाइल उलटल्या की ‘सेसिल’ नावाचं यंत्र तीन अंकी लक्ष्यसंख्या काढतं. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, बस्स. प्रत्येक टाइल एकदाच, सगळ्या वापरायचं बंधन नाही, आणि मधल्या कुठल्याही पायरीला अपूर्णांक किंवा ऋण संख्या येता कामा नये. नेमकं उत्तर आलं तर 10 गुण, पाचच्या आत चुकलं तर 7, सहा ते दहाच्या फरकाला 5. गुण मिळतात ते जवळच्यालाच. एकजण दोनने चुकला आणि दुसरा तीनने, तर पहिल्याला 7 आणि दुसऱ्याला शून्य. कडक आहे, पण बरोबर आहे. नाहीतर सगळे ‘जवळपास’वर समाधान मानून बसले असते.

मराठी माणसाला ही फेरी घरची वाटावी. 25, 50, 75, 100 म्हणजे शंभराचे पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण. जुन्या शाळेत घोकून घेतलेल्या पावकी, निमकी आणि पाऊणकी इथे जशाच्या तशा कामाला येतात. आठ पाऊण सहा, म्हणून 75 गुणिले 8 म्हणजे 600. सात पाऊण सव्वापाच, म्हणून 525. नऊ पाऊण पावणेसात, म्हणून 675. इंग्रज मुलगा 75 ला 9 ने गुणताना हातचे धरतो. आपल्याकडे ‘पावणेसातशे’ या शब्दातच उत्तर बसलेलं आहे. लक्ष्य 627, टाइल 75, 8, 9, 6, 3, 2 असतील, तर आठ पाऊण सहाशे, नऊ त्रिक सत्तावीस, झालं. 6 आणि 2 तसेच पडून राहिले. घरातल्या मुलांना हा खेळ लावायचा असेल तर आधी पाऊणकी अकरापर्यंत पाठ करून घ्यावी. तीस सेकंदांतले दहा तरी वाचतात.

निवडीचं शास्त्र असं. एक मोठा आणि पाच लहान ही सर्वांत सोपी, सर्वांत लोकप्रिय निवड. त्यात नेमकं उत्तर बहुधा असतंच आणि सापडतंही, म्हणून दोघंही दहा घेतात आणि फरक जिथल्या तिथे राहतो. याचाच उपयोग करायचा. पुढे असलेल्याने एक मोठा मागावा आणि फेरी थंड करावी. मागे असलेल्याने एकही मोठा न घेता सहा लहान, किंवा चारही मोठे मागावेत, म्हणजे फेरी कठीण होते आणि दोघांपैकी एकच सुटतो. वीस गुणांनी मागे असताना ‘एक मोठा, पाच लहान’ म्हणणारा स्पर्धक दिसला की हळहळ वाटते. त्याने आपलं हत्यार म्यानातच ठेवलं.

सहा लहानांत मोठी संख्या गाठायची तर दोन अवयव पाडून गुणाकार करावा लागतो. टाइल 2, 3, 5, 7, 8, 10 आणि लक्ष्य 869. ही 11 गुणिले 79 आहे हे दिसलं तर निम्मं काम झालं. 8 आणि 3 चे 11. मग 10 आणि 2 चे 12, त्याला 7 ने गुणून 84, त्यातून 5 गेले, 79. सहाही टाइल लागल्या. 869 ला 11 ने भाग जातो हे कसं दिसावं? दोन्ही टोकांच्या अंकांची बेरीज 17, मधला 6, वजाबाकी 11. ही शाळेतलीच कसोटी आहे. सात, अकरा आणि तेराची विभाज्यता ज्याच्या जिभेवर आहे, त्याने सहा लहान मागायला घाबरू नये. मात्र या निवडीत एक खराखुरा दोष आहे. 1, 1, 2, 2, 3, 3 अशा टाइल आल्या तर त्यातून जास्तीत जास्त 81 होतात (दोन आणि एकचे तीन, असे दोनदा, आणि टाइलमधले दोन 3, या सगळ्यांचा गुणाकार). तीन अंकी लक्ष्याच्या दहाच्या आतसुद्धा पोचता येत नाही, म्हणजे फेरी गुणांविना फुकट जाणार हे लक्ष्य निघण्याआधीच ठरलेलं. असं अगदी क्वचित घडावं, पण नियमांत त्यावर उपाय नाही.

चार मोठ्यांची गंमत वेगळी. 1997 मधल्या एका भागातला डाव आजही उदाहरण म्हणून दाखवला जातो. टाइल 25, 50, 75, 100, 3, 6 आणि लक्ष्य 952. स्पर्धकाने 100 मध्ये 6 मिळवले, 106. गुणिले 3, 318. गुणिले 75, 23,850. वजा 50, 23,800. भागिले 25, बरोबर 952. पाहणाऱ्याला वाटतं की हा तोंडी जवळजवळ चोवीस हजारांपर्यंत जाऊन आला. पण आत साधी कल्पना आहे. 106 नवे 954, त्यातून 2 गेले की 952. नऊ पाहिजे तर 3 टाइल आहेच, आणि 75 भागिले 25 म्हणजे दुसरा 3. दोन पाहिजे तर 50 भागिले 25. अडचण एवढीच की 25 दोनदा लागतो आणि टाइल एकच आहे. म्हणून भागाकार शेवटपर्यंत लांबवायचा: सगळं 25 पट अवस्थेतच ठेवायचं आणि शेवटी एकदाच 25 ने भागायचं. चार मोठ्या टाइल एकमेकांशी 1, 2, 3, 4 या प्रमाणात आहेत, म्हणून ही युक्ती पुन्हा पुन्हा चालते. ज्याला ती उमगली त्याला चार मोठ्यांची भीती उरत नाही.

चुका कुठे होतात? सर्वांत जास्त एकच टाइल दोनदा वापरण्यात. त्यानंतर, उत्तर सापडलं पण पायऱ्या लिहिल्या नाहीत, आणि बोलून दाखवताना साखळी तुटली. मग गुण नाहीत. पहिल्या दहा सेकंदांत पाचच्या आतलं काहीतरी कागदावर उतरवायचं, मग नेमक्याच्या मागे लागायचं. उलट क्रमाने गेलं तर शेवटी हात रिकामा राहण्याची भीती.

कोनंड्रमबद्दल फार बोलण्यासारखं नाही. नऊ अक्षरांचा एक शब्द उलटसुलट करून दाखवतात, बहुधा त्यातून दोन-तीन छोटे फसवे शब्द वाचता यावेत असा. बझर, दहा गुण, प्रत्येकाला एकच संधी. पहिला चुकला तर उरलेला वेळ दुसऱ्याचा. उत्तर एकमेव असावं लागतं. ‘ऑर्केस्ट्रा’ची अक्षरं फिरवून ‘कार्टहॉर्स’ हा पुरा शब्दच होतो, म्हणून अशी सुंदर जोडी इथे वापरायला सोयीची नाही. फरक दहा किंवा त्याहून कमी असेल तर हे कोडं निर्णायक, आणि बरोबरी झाली तर कोंडी फुटेपर्यंत आणखी कोडी. फरक अकरा झाला की मात्र त्यातला जीव जातो. निकाल आधीच लागलेला असतो. तरी ते अगदी निरर्थक ठरत नाही, कारण सलग आठ सामने जिंकलेला स्पर्धक बाजूला होतो आणि मोसमाअखेर सर्वोत्तम आठ जण परत येतात. त्यांची क्रमवारी जिंकलेले सामने आणि मग एकूण गुण यांवर ठरते. त्यामुळे निकाल लागलेल्या सामन्यातही ते दहा गुण कुणालातरी हवे असतात. पहिल्या चौदा फेऱ्यांत दोनशे वीस आणि वर हे दहा, असे कागदावर 230 गुण शक्य आहेत. प्रत्यक्षात शंभर ओलांडले की खेळ उत्तम मानतात आणि क्रिकेटसारखंच ‘सेंच्युरी’ म्हणतात. बक्षीस म्हणजे घड्याळाच्या आकाराची चिनीमातीची किटली. पैशांचा पाऊस नाही, म्हणून खेळ खेळासारखा राहिलाय.

तीस सेकंदांबद्दल मात्र सांगायलाच हवं. घड्याळाचा काटा वरून निघून खाली येतो, अर्धाच फेरा. सोबत ॲलन हॉकशॉ यांची धून. ती तीस सेकंदांच्या मापाची आहे आणि शेवटच्या सुरावटीवर थबकते, त्यामुळे कागदावरून मान वर न काढता किती वेळ उरला ते कानाला कळतं. पंचेचाळीस सेकंद दिले असते तर बहुतेक डाव दोघांनाही सुटले असते. वीस दिले असते तर घरच्यांनी पेन्सिल खाली ठेवली असती.

2012 पासून विनोदी कलाकारांना घेऊन याचीच एक रात्रीची आवृत्तीही निघाली. ती हसण्यासाठी पाहावी. खेळ शिकायचा असेल तर दुपारचा मूळ कार्यक्रमच पाहा. विनोदी आवृत्तीत फेऱ्या कमी आहेत आणि डाव उलगडून दाखवायला सवड नाही.

घरी खेळायचं तर आकडेफेरीला काहीच बदल नको. पुठ्ठ्याचे 24 तुकडे, मोठे वेगळे, लहान वेगळे, पालथे. लक्ष्य फोनवर काढा किंवा 0 ते 9 च्या चिठ्ठ्या करून तीन उचला. पहिली शून्य निघाली तर परत. वेळ पाहणारा एक माणूस खेळाबाहेर ठेवा, नाहीतर पस्तीस सेकंद कधी होतात कळत नाही.

अक्षरफेरी मराठीत उतरवताना मात्र विचार लागतो. नुसत्या व्यंजनांच्या टाइल करून मात्रा फुकट दिल्या तर ‘प’ आणि ‘ण’ मधून पण, पाणी असं काहीही निघतं. खेळाला धारच उरत नाही. मात्रेसकट टाइल केल्या, ‘का’, ‘मि’, ‘तू’ अशा, तर धड शब्दच जमत नाहीत. मधला मार्ग जमतो. व्यंजनांची एक गठ्ठी, स्वरांची दुसरी. स्वराची टाइल सुटा स्वर म्हणूनही चालेल आणि मात्रा म्हणूनही, ह्रस्व-दीर्घ एकच. व्यंजनातला ‘अ’ आणि अनुस्वार फुकट. जोडाक्षर करायला वेगळी टाइल नको. गुण मात्र अक्षरं मोजून देऊ नका, वापरलेल्या टाइल मोजून द्या. म, क, र, स, त, न, आ, आ, ई अशा नऊ आल्या, तर ‘करामती’ला सहा टाइल लागतात, ‘मानसिक’लाही सहाच, ‘आसक्ती’ला पाच. अक्षरं मोजली असती तर ‘आसक्ती’ला तीनच गुण मिळाले असते आणि जोडाक्षर शोधण्याचे कष्ट पाण्यात गेले असते.

विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं आधीच बंद करा. इंग्रजीत शेपटं मोजकीच. आपल्याकडे घर, घराला, घरातून, घरासाठी अशी ती कितीही लांबते, आणि मग जो तो ‘साठी’साठीची अक्षरं शोधत बसतो. मूळ शब्द आणि फार तर त्याचं अनेकवचन, एवढंच मान्य करावं. कोश कोणता ते खेळ सुरू होण्यापूर्वी ठरवून टेबलावर ठेवा. दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ घेतला तर जुने, बोलीतले शब्द भरपूर चालतील आणि वडीलधाऱ्यांचं पारडं जड होईल. शालेय कोश घेतला तर मुलांना बरोबरीने खेळता येईल. कोनंड्रमसाठी नऊ टाइलचा शब्द निवडताना तो दुसऱ्या एखाद्या शब्दातही मोडत नाही ना, हे आदल्या रात्रीच तपासून ठेवावं.